जिन्यातला कंगवा

परवा दुपारी आमच्या जिन्यात जांभळ्या रंगाचा, दोन दात तुटलेला एक कंगवा पडलेला दिसला. उचलून कठड्यावर ठेवावा म्हणून वाकले आणि हात तसाच मागे घेतला. वाटेत पडलेला कंगवा मी उचलत नाही, आणि याला कारण आमची आजी नसून आयर्लंडमधली एक बाई आहे.

तिचे नाव बॅन्शी; ती तिथल्या लोककथांतली. काही ठरावीक जुन्या घराण्यांत कोणी जाणार असले की ती रात्री घराजवळ येऊन, मोकळे सोडलेले लांब केस विंचरत आक्रोश करते. तिचा कंगवा कोणी घरी नेलाच, तर ती खिडकीशी येऊन रडत राहते. मग तो चुलीपाशी असलेल्या लोखंडी चिमट्यात धरून बाहेर करायचा, हाताने द्यायचा नाही. कंगवा जातो आणि चिमटा पिळवटून आत येतो. हात असता तर काय झाले असते, हे गोष्ट सांगत नाही. ते सांगावेही लागत नाही.

1937 ते 1939 या काळात तिथल्या लोककथा आयोगाने सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून, घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, अशा गोष्टी लिहून घेतल्या. त्या वह्यांची पाने आता संगणकावर वाचता येतात आणि दुपारची झोप मोडून मी ती वाचत बसते. वळणदार शाळकरी अक्षरात, बाजारात गाय विकल्याचे सांगावे तितक्या सहजपणे, मुलांनी हे सगळे लिहिले आहे. पंख आणि जादूची कांडी असलेली परी त्यात शोधू नये. त्यातली परीमंडळी गुरे पाळतात, भांडतात, हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या तिथल्या खेळाचा, सामना खेळतात, आणि त्यासाठी त्यांना एखादा जिवंत माणूस संघात लागतो म्हणून रात्री उचलून नेतात. त्यांना नावाने हाक मारायची नाही, 'चांगली माणसे' म्हणायचे. मला हे समजावून घ्यावे लागले नाही. आमची आजी तिन्हीसांजेनंतर सापाला 'जनावर' म्हणायला लावी, आणि तेही आवाज खाली आणून.

त्यांची वस्ती जुन्या, मातीच्या बांधाच्या गोल गढ्यांत. अशा 40,000 हून अधिक गढ्या देशभर आहेत, आणि नांगर बांधापाशी वळवणारे शेतकरी अजून आहेत. एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडालाही कोणी कुऱ्हाड लावत नाही. 1999 साली क्लेअर परगण्यात नव्या हमरस्त्याच्या वाटेत असे एक झाड आले, तेव्हा एडी लेनिहान या कथेकऱ्याने ते तोडू नका म्हणून जाहीर इशारा दिला आणि झाड राहिले. मला ही बातमी फार आवडते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती दोनदा ऐकवते.

दुसरी गोष्ट मात्र कोणाला सांगत नाही. 1895 साली टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण बाई आजारी पडली. खरी ब्रिजेट 'त्यांनी' नेली आणि तिच्या रूपात दुसरीच कोणी अंथरुणात ठेवली, असे नवऱ्याने मनात घेतले. त्याने तिला घरातच, नातलगांच्या देखत जाळले. त्यानंतर काळ्या मुठीचा सुरा घेऊन तो जवळच्या गढीपाशी रात्री जागत बसला. ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येणार होती, आणि तिला बांधलेल्या दोऱ्या त्याला कापायच्या होत्या.