तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंडली मॅचला एवढा जीव का लावता?

"फ्रेंडलीच आहे ना, मग एवढं जीव तोडून काय खेळता?" हा प्रश्न मला सारखा येतो, कधी गेम न खेळणाऱ्यांकडून आणि गंमत म्हणजे खेळणाऱ्यांकडूनही. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी गेमबद्दल. टोटल वॉर: शोगुन २, २०११ साली आलेला कॉम्प्युटर गेम. सोळाव्या शतकातला जपान, सेनगोकु म्हणतात तो काळ, गावोगावचे सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले आणि क्योटो ज्याच्या हातात तो मोठा. कॅम्पेन, म्हणजे राज्य चालवायचा मोठा खेळ, १५४५ ला सुरू होतं, त्यात शेती, कर, लग्नं, हेर सगळं आहे, पण मी बोलतोय ते मल्टिप्लेअर, म्हणजे माणसाविरुद्ध माणूस अशा लढाईबद्दल, त्यात यातलं काही नाही. एक घराणं निवडायचं, दोघांना सारखेच फंड्स, त्यातून जास्तीत जास्त २० तुकड्या घ्यायच्या, लढाईच्या आधी त्या मैदानावर मांडायच्या आणि मग सुरू. समोर मित्र बसलेला. जिंकलो तर रँक वाढत नाही, हरलो तर काही जात नाही, आणि लोकांचा प्रश्न नेमका इथूनच येतो, की मग कशाला.

या गेमला अवतार कॉन्क्वेस्ट म्हणून एक मोड होता, त्यात तुमचा स्वतःचा सेनापती असतो, त्याला चिलखतं मिळतात, स्किल पॉइंट मिळतात, तुकड्या जुन्या होतात तशा तगड्या होत जातात. तो मोड मला मनापासून आवडायचा, पण त्यात कोण किती खेळलंय याचं वजन लढाईत उतरतं. समोरच्याचे मुरलेले सामुराई आपल्या नवख्यांना कापत सुटले की तो डोक्याने जिंकला की जमवलेल्या माणसांच्या जोरावर, हे कळायला मार्ग नाही. साध्या मॅचमध्ये हा प्रश्नच येत नाही. सगळं सारखं, त्यामुळे मैदानावर जे काही घडतं ते दोन माणसांच्या विचारातून घडतं, आणि मला मित्राचा विचारच तर बघायचा असतो!

आम्ही लॉबीत, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात तिथे, काही गोष्टी आधी बोलून घेतो. एकाच प्रकारच्या तुकड्यांचा ढीग घ्यायचा नाही, म्हणजे सगळेच्या सगळे तिरंदाज वगैरे नाही. मॅपच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं नाही. हा कोपऱ्याचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मॅपची कड दोन्ही बाजू झाकते, तिथून सैन्य पलीकडे जाऊच शकत नाही, मग फ्लँक करणं संपलं, आणि या गेममधून बगलेवरचा हल्ला काढून टाकला तर खाली उरतं काय, दोन रांगा एकमेकींना भिडणार आणि ज्याचे आकडे भारी तो जिंकणार. माणसं मरतात त्याने इथे तुकडी पळत नाही, हिंमत सुटते तेव्हा पळते. पाठीमागून घोडे आले, शेजारची तुकडी फुटली, सेनापती पडला, की दोनशेतले दीडशे जिवंत असले तरी पांढरं निशाण फडफडायला लागतं. सगळा खेळ हिंमतीचा आहे, म्हणून तर समोर ओळखीचा माणूस असला की मजा येते.

एक मॅच सांगतो म्हणजे कळेल. मित्राने ताकेदा घराणं घेतलं, मी उएसुगी. ही जोडी आम्ही मुद्दाम लावतो, कारण ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन खरोखर वर्षानुवर्षं कावानाकाजिमाच्या मैदानावर लढले, १५५३ ते १५६४ मध्ये पाच वेळा, त्यातली १५६१ ची चौथी लढाई सगळ्यात भयंकर. गेममध्ये ताकेदांचं घोडदळ जोरात असतं आणि उएसुगींकडे लढाऊ भिक्षू. मॅपवर माझ्या उजव्या हाताला दाट झाडी, मधे उघडं मैदान, डावीकडे उतार. मित्राचं हलकं घोडदळ डावीकडे दिसत होतं, उघड्यावर, आणि चालत होतं, धावत नव्हतं. धावलं की तुकडी दमते आणि दमलेली तुकडी भिडल्यावर लवकर कच खाते, त्यामुळे घोडे चालवतोय म्हणजे हा पुढे कधीतरी ते जपून वापरणार एवढं दिसत होतं. मी दोन यारी आशिगारू, म्हणजे भालेवाले, डावीकडे तोंड करून भाल्यांची भिंत लावून उभे केले. ही भिंत समोरून येणाऱ्या घोड्यांना काळ आहे, फक्त ती वळायला फार वेळ घेते. मधे दोघांचे तिरंदाज एकमेकांवर सोडत होते, मी माझे विरळ रांगेत पसरवले म्हणजे बाण जरा वाया जातील.

आणि नेमकं तेव्हा चॅटवर आलं, "थांब, दार वाजलं, आलोच".

मल्टिप्लेअरला पॉज नाही. मी तिरंदाजांचं आपोआप बाण सोडणं बंद केलं, त्यानेही जायच्या आधी केलं होतं बहुतेक, कारण बाण थांबले, आणि मग दोन पूर्ण सैन्यं समोरासमोर नुसती उभी. झेंडे हलतायत, घोडे मान झटकतायत, कोणी कोणाला काही करत नाहीये. कॅमेरा खाली आणून मी माझ्या भालेवाल्यांच्या रांगेमागून त्याच्या बाजूला बघत बसलो, इतकं सुंदर दिसतं ते, आणि एरवी लढाईच्या धांदलीत कोण कॅमेरा एवढा खाली आणतंय. माझी एक घोडेस्वार तुकडी उजवीकडे झाडीच्या अगदी तोंडाशी होती. ती मी हलवली नाही. तो आला, "आलो" लिहिलं, मी "चालू" लिहिलं, आणि बाण परत सुरू.

थोड्याच वेळात उजवीकडच्या झाडीतून त्याचे कताना सामुराई, म्हणजे तलवारवाले, निघाले, सरळ माझ्या तिरंदाजांवर. पहिली तुकडी फुटली, तिला बघून दुसरी डगमगायला लागली, मी सेनापतीला जवळ आणून तिला सावरलं आणि भिक्षू आत टाकले. भिक्षूंची युद्धगर्जना असते, ती ऐकून समोरच्यांची हिंमत खचते, त्याचे सामुराई खरंच थबकले, एका तुकडीचं निशाण पांढरं झालं, आणि मला वाटलं जमलं, तेवढ्यात डावीकडचे ते चालणारे घोडे, ताजेतवाने, भिंतीला भलामोठा वळसा घालून भिक्षूंच्या पाठीत घुसले. भिक्षू मारायला जबरदस्त पण अंगावर चिलखत कमी, टिकले नाहीत. तो जिंकला, आणि काय देखणं जिंकला!

आमची पद्धत अशी की मांडणी करताना व्हॉइसवर गप्पा, लढाई सुरू झाली की शांतता, आणि संपली की रिप्ले, म्हणजे झालेल्या लढाईचं रेकॉर्डिंग, लावून परत बोलायचं. रिप्लेमध्ये समोरच्याचं लपलेलं सगळं दिसतं. कताना सामुराई मांडणीपासूनच झाडीत होते, आणि घोडे उघड्यावर होते ते मी बघावेत म्हणूनच. आणि मग ती थांबण्याची वेळ आली स्क्रीनवर, माझी घोडेस्वार तुकडी आणि त्याचे लपलेले सामुराई यांच्यात जेमतेम काही झाडं. तो म्हणाला, "अरे तू तेव्हा ही तुकडी चार पावलं आत घातली असतीस तर माझं सगळं उघडं पडलं असतं". म्हटलं, तू नव्हतास ना तिथे. एवढंच बोलणं झालं त्यावर, आणि आम्ही रिप्ले पुढे नेला.

केनशिनची एक गोष्ट जपानमध्ये सांगतात. शिंगेनचा काई प्रांत डोंगरात, समुद्र नाही, आणि शेजारच्या इमागावा आणि होजो घराण्यांनी त्याचा मिठाचा पुरवठा तोडला. केनशिन शिंगेनचा जन्माचा वैरी, पण तो म्हणे यात सामील झाला नाही, त्याच्या मुलखातून मीठ जातच राहिलं, लढायचं तर तलवारीने लढू, मिठाने नाही. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती यावर वाद आहे, पण मला ती गोष्ट या फ्रेंडली मॅचच्या फार जवळची वाटते. कारण केनशिनने नंतर शिंगेनवरची तलवार सैल धरली असं त्या गोष्टीत कुठेच नाही. फ्रेंडली म्हणजे हलक्या हाताने खेळणं असा लोकांचा समज असतो, आणि मला ते अजिबात पटत नाही. मित्राने माझ्यासाठी झाडीत सापळा रचला, घोडे जपले, वळसा मोजला, म्हणजे त्याने माझा केवढा विचार केला! त्याने उगाच सोडून दिलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

टू व्हर्सेस टू, म्हणजे दोघं विरुद्ध दोघं, खेळतो तेव्हा तर अजून वेगळी गोष्ट होते. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी मात्सुओ डोंगरावर सैन्य घेऊन बराच वेळ नुसता बघत उभा राहिला आणि मग फिरून आपल्याच बाजूवर उतरला, तिथे निकाल लागला. गेममध्ये मित्र फितूर होत नाही, पण तो टेकडीवरून खाली यायला अर्धा मिनिट उशीर करतो तेव्हा तुमची बगल तेवढीच उघडी पडते. कोण हाक मारल्यावर लगेच येतो आणि कोण आधी स्वतःचं सावरून मग येतो, हे आम्हाला एकमेकांचं पाठ आहे, आणि मांडणी त्या हिशोबानेच होते.

अजून एक प्रश्न याच्या जोडीने येतो, ताकेदा आले की बंदुका घ्यायच्या का? नागाशिनोला १५७५ मध्ये ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासू यांनी ताकेदा कात्सुयोरीचं सैन्य बंदुकांनी अडवलं हे खरं, पण तिथे पुढे लाकडी कुंपण होतं. उघड्या मैदानावर तुमच्या बंदूकवाल्यांपुढे कुंपण नसतं, आणि तिरंदाजांसारखं त्यांना आपल्या माणसांच्या डोक्यावरून मारताही येत नाही, त्यामुळे त्यांना पुढेच ठेवावं लागतं आणि समोरचे घोडे चालून आले की वेळेत भालेवाल्यांच्या मागे घ्यावं लागतं. जमलं तर कमाल, पण सुरुवातीला साधे भालेवाले आणि तिरंदाज घ्या. स्वस्त असतात, त्यामुळे फंड्समध्ये भरपूर येतात, आणि मित्र काय करतोय ते बघायला तुम्हाला सवड राहते. मॅच संपल्यावर लगेच दुसरी लॉबी उघडू नका, रिप्ले सेव्ह करा आणि दोघं मिळून बघा, त्याने काय लपवलं होतं ते त्यालाच सांगू द्या.