टोस्ट आणि चाय

दुपारी जेवून जरा आडवा झालो तर भाचीचा मेसेज. मामा, लग्नात टोस्ट तू रेझ करायचा, ५.४५ ला, स्टेजवर. म्हणजे दोन शब्द बोलायचे आणि ग्लास उंच करायचा. खाली फोटोग्राफरच्या सूचना: ग्लास तोंडाच्या आड नको, माईक हनुवटीच्या खाली, बोलून झालं की ग्लास वर धरून तीन सेकंद तसंच थांबा, लगेच पिऊ नका. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, चेहरे काळे पडतात (डिसेंबरात वेंगुर्ल्याला सहाच्या आसपास सूर्य बुडतो, म्हणून ही घाई). सोलकढी तर त्याने आधीच बाद केली, फोटोत मिल्कशेक वाटते म्हणे. कोकम सरबत चालेल, त्यातून उजेड आरपार जातो.

आईला सांगितलं तर म्हणाली, "टोस्ट? मगे चाय खंय आसा?"

घरभर हसलो. मग आठवलं की हा शब्दच मुळी भाजलेल्या पावावरून आलाय, इंग्लंडात पूर्वी वाइनमध्ये असा तुकडा टाकायचे. आईला सांगितलं. "मगे हसलास कित्याक?"

टोस्ट मी लहानपणी एकदाच पाहिलेला, शेजारच्या ख्रिश्चन घरातल्या लग्नात. ऐन मे महिना, अंकल काळ्या कोटात घामाने निथळतायत, इंग्लिशमधून बोलतायत आणि थांबायचं नाव नाही, आम्ही पोरं हातात लाल सरबत धरून उभी कारण ते संपल्याशिवाय प्यायचं नाही असा दम मिळालेला, शेवटी माझ्या ग्लासात एक मुंगी पडली ती बोटाने काढली आणि तेवढंच बोट चोखून घेतलं. रोल ३६ फोटोंचा, त्यातले बरेचसे चर्चमध्ये आणि केकवर उडालेले, टोस्टच्या वाट्याला एकच फोटो. अंकलचं तोंड उघडं, डोळे मिटलेले. नवरीचे वडील आदल्या वर्षी गेले होते, त्यांचं नाव घेतल्यावर अंकल अडखळले आणि नेमकं तेव्हाच क्लिक झालं. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये अजून आहे. आजचा कुठलाही फोटोग्राफर तो पहिल्या झटक्यात डिलीट मारेल.

असो. मेसेज आल्यापासून आरशासमोर स्टीलचा पेला धरून उभा राहतोय. तीन सेकंद जमतात, चौथ्याला हात थरथरतो. ते दोन शब्द मात्र अजून सुचले नाहीयेत.