तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी पाटीलच का?

यात्रेतलं आमचं नाटक झालं की खानापूरच्या बाजारात कुणीतरी गाठतंच. "काय ओ, याही वर्षी पाटीलच? एकदा हिरो व्हा की!" बाजारात हसून वेळ मारून नेतो. आज सांगतो.

आमच्याकडे यात्रेला नाटक लागतंच. देवळात महिनाभर तालीम, भाड्याची सीनसिनरी, बाहेरून आणलेली नटी, पहाटेपर्यंत प्रयोग. पहिल्यांदा पाटील केला तेव्हा मी मिशीला पीळ दिला, डोळे वटारले, घसा बसेपर्यंत ओरडलो. लोक हसले. पुढं बसलेलं एक पोर तर माझ्याबरोबरच ओरडत होतं.

मग 'सामना' सिनेमा बघितला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. कारखाना त्याचा, तालुका त्याच्या खिशात, आणि बोलणं असं की चहा घेणार का म्हणून विचारतोय. दारुड्या मास्तरला, म्हणजे डॉ. श्रीराम लागूंना, तो स्वतःच घरी ठेवून घेतो. मास्तर मात्र एकच धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नानं हिंदुराव आतून खचत जातो, तेव्हा त्याची चक्क दया येते. पाटलाची दया! मी तर असलं काही मनातही आणलं नव्हतं.

निळूभाऊ पुण्याचे, जन्म १९३० चा. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. ८० रुपये पगारातले १० राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. पुढं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य गाजलं आणि १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते पडद्यावर आले. पडद्यावर बायाबापड्यांना छळणारा हा माणूस बाहेर अंधश्रद्धेविरुद्ध बोलत होता, सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर हिंडत होता.

त्यांच्या 'वाड्यावर या'ची नक्कल आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही करतं. पण १९७९ च्या 'सिंहासन' सिनेमात त्यांनी केलेल्या दिगू टिपणीसची नक्कल करून दाखवा! तो पत्रकार बहुतेक वेळ नुसता ऐकतो, बघतो, आणि शेवटी वेडा होऊन हसत सुटतो. नक्कल करायला त्यात हाताला काही लागत नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच.

दिगू मला जमायचा नाही. पाटील थोडाफार जमतो. धमकीच्या प्रवेशात आता मी सुपारी कातरतो. वाक्य हळू, मान खाली, मध्येच अडकित्त्याचा 'कट्ट'. गेल्या यात्रेत त्या आवाजाला पुढच्या चटईवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. कुणी हसलं नाही.

यंदाची तालीम सोमवारपासून आहे. अडकित्त्याला तेल घालून ठेवलंय. मेकअपवाल्याला सांगितलंय, मिशी आणू नको.