जास्त गळांची रिग घेऊन बोटीवर जाताय? आधी ड्रॉपरची गाठ पक्की करा

सरळच सांगतो, बोटीवर मिळणाऱ्या तयार रिगच्या (गळ आणि शिसं बांधलेल्या दोराच्या) भरवशावर खोल पाण्यात जाऊ नका. आम्हाला जायच्या आधी छातीठोकपणे सांगितलं होतं की "तुम्ही फक्त रॉड आणि रील घेऊन या हो, गळ-शिसं सगळं बांधून तयार असतं, गाठींत वेळ कशाला घालवताय", आणि प्रत्यक्षात हातात काय आलं तर चार-चार गळांच्या माळा, प्रत्येक ड्रॉपर, म्हणजे मुख्य दोरातून गळासाठी निघणारा आडवा फाटा, हातभर लांब आणि दोन ड्रॉपरमधलं अंतरही तेवढंच, तंगूस जुनं होऊन पिवळट पडलेलं. ज्याला थोडंफार गरवता येतं त्याला बघताक्षणी कळेल की हे गुंतणार.

आदल्या दिवशी धक्क्यावर बसलो होतो, एक गळ, हलकं शिसं, छान गेला तो दिवस, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळा वृत्तांत आहे तो बोटीवरच्या सकाळचा, कारण जे शिकायचं ते तिथेच शिकलो आणि त्या चार-पाच तासांचा राग अजून गेलेला नाही.

खाली खडक, खोली साधारण ४० मीटर, बोट ओढीबरोबर सरकतेय. रिग सोडली की शिसं खाली जाताना ती माळ स्वतःभोवती गरगर फिरते, लांब ड्रॉपर मुख्य दोराला वेढे घालतात आणि तळाला पोचेपर्यंत चारही गळ एकाच गुंत्यात. वर काढायचं, सोडवायचं, परत सोडायचं. हलत्या बोटीवर ओल्या हाताने चार गळांचा गुंता सोडवून बघा, अर्ध्या तासात मान धरते आणि डोळ्यांपुढे तंगूसच तंगूस. त्यात रिगच्या वरच्या टोकाला स्विवेल (पीळ न बसू देणारी फिरती कडी) नव्हतंच, नुसता लूप, त्यामुळे वर ओढताना रिग पंख्यासारखी फिरली की तो सगळा पीळ मुख्य दोरात. स्पूलवरचा दोर सैल पडला की आपोआप वळकट्या व्हायला लागल्या.

आणि जेव्हा एकदाचं सगळं सरळ खाली गेलं तेव्हा मासा लागला, चांगला जड, दोन-तीनदा रॉडचं टोक पाण्यात नेलं आणि खटकन सैल. परत तेच. बोटीवरचे म्हणाले "मासा मोठा होता साहेब, तुटायचंच". मला ते पटलं नाही म्हणून तुटलेलं टोक नीट बघितलं, आणि हे प्रत्येकाने करायला हवं, कारण टोक खरं बोलतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकून सुटलीय. गाठीच्या अगदी तोंडाशी सपाट तुटलं असेल तर गाठीनेच दोर कापलाय. आणि टोकाच्या वरचा इंचभर भाग खरखरीत, पांढरट झाला असेल तर खडक किंवा दात. आमची टोकं आलटून पालटून कुरळी आणि सपाट होती, खरखरीत एकही नाही. म्हणजे मासा नाही, खडक नाही, फक्त गाठ. दर वेळी ड्रॉपर लूपच्या, म्हणजे मुख्य दोरातूनच बाजूला फासा काढणाऱ्या, गाठीतच गेलं.

आता हे का होतं ते समजून घ्या. साध्या रिगमधल्या गाठीवर ताण एका रेषेत येतो. ड्रॉपर लूपच्या गाठीवर तो तीन बाजूंनी येतो, वर रॉड, खाली शिसं आणि आडवा मासा. शिसं खडकात अडकलेलं असेल आणि त्याच वेळी वरच्या गळावर मासा खेचत असेल, किंवा दोन गळांवर दोन मासे दोन दिशांना ओढत असतील, तर ती गाठ मधून फाकवली जाते. एरवीही ड्रॉपर लूप दोराची ताकद बऱ्यापैकी कमी करतो. वेढे कमी असतील किंवा कोरडीच आवळली असेल तर मग बोलायलाच नको. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं आणि वरून बऱ्याचदा काही दिसत नाही.

म्हणून ही गाठ घरी, उजेडात, पाय जमिनीवर असताना बांधायची. दोराचं एक मोठं वेटोळं करा. दोर जिथे एकमेकांना ओलांडतो तिथे एक बाजू दुसरीभोवती सहा ते आठ वेळा फिरवा, जाड तंगूसला सहा पुरतात, बारीक असेल तर आठ. मग त्या वेढ्यांच्या बरोब्बर मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे वेढे राहतील अशी, फट उघडा. इथेच सगळ्यांचं चुकतं, फट एका बाजूला सरकते आणि गाठ वाकडी बसते. फटीत काडेपेटीची काडी खोचून ठेवली तर ती बुजत नाही. आता वेटोळ्याची समोरची बाजू त्या फटीतून ओढून घ्या, दातात धरा, गाठीवर भरपूर थुंकी किंवा पाणी लावा आणि दोन्ही हातांनी दोर बाहेरच्या बाजूला सावकाश ओढा. झटका द्यायचा नाही. नीट बसलेल्या गाठीत वेढे दोन्हीकडे सारखे, एकाला एक चिकटून बसतात आणि लूप दोराला काटकोनात उभा राहतो. लूप खाली लोळत असेल किंवा एखादा वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर हळहळ न करता कापून टाका. आवळताना लूप आखूड होतो हे धरून सुरुवातीचं वेटोळं मोठंच घ्यायचं.

गळ लावायला लूपचं टोक चिमटीत दाबून गळाच्या डोळ्यातून घालायचं आणि गळ त्या लूपमधून काढून ओढायचा, झालं. बदलायलाही सोपं. काही जण लूपची एक बाजू गाठीजवळ कापून एकेरी लांब ड्रॉपर करतात, आमच्या त्या तयार रिग अशाच कापलेल्या होत्या. माझं स्पष्ट मत, मोठ्या माशासाठी हे करू नका. लूप अखंड असतो तेव्हा दोन्ही पाय मिळून ताण घेतात, एक कापला की सगळा भार एकावर येतो आणि कापलेलं बुटकं टोक गाठीतून सरकायला मोकळं. आमची कुरळी टोकं इथूनच आलेली.

मग लांब ड्रॉपर हवा असेल तर काय? मध्यम माशांसाठी सर्जन गाठ, तीन वेढ्यांची. वरचा दोर आणि खालचा दोर शेजारी शेजारी धरून दोन्ही मिळून एक सैल गाठ मारायची आणि टोकं त्यातून अजून दोनदा फिरवायची. शेवटी दोन मोकळी टोकं उरतात, एक वर तोंड केलेलं आणि एक खाली. ड्रॉपर म्हणून खाली तोंड केलेलंच टोक ठेवायचं, कारण ते वरच्या दोराचंच टोक असतं आणि मासा ओढतो तेव्हा ताण सरळ रॉडकडे जातो. वरच्या तोंडाचं टोक दोरापासून जास्त लांब उभं राहतं म्हणून अनेकांना आवडतं, पण त्यावर मासा लागला की तो गाठ उलटी सोलतो. आणि मोठा मासा असेल, गोबरा, तांब वगैरे, तर गाठीचा नादच सोडा, तीन तोंडांचं स्विवेल लावा. प्रत्येक तोंडाला एक सरळ साधी युनि गाठ, पाच-सहा वेढे, ओलं करून आवळली की झालं. रिग थोडी जड आणि बोजड दिसते, पण ताण तीन गाठींत वाटला जातो आणि पीळही स्विवेल खातं.

अंतराचं एकच गणित आहे आणि आमच्या तयार रिगमध्ये नेमकं तेच चुकलेलं होतं. शेजारच्या दोन ड्रॉपरच्या लांबीची बेरीज त्यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी पाहिजे. ड्रॉपर २० सेंटीमीटरचे असतील तर मध्ये किमान ५० ठेवा, खालचा ड्रॉपर शिशापासून ३० वर. मग ते एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत. ड्रॉपरचं तंगूस थोडं ताठ घ्या, मी ०.६० मिमी वापरतो, मऊ बारीक तंगूस लगेच मुख्य दोराला मिठी मारतं. ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या दोरावर, ड्रॉपर लूप अजिबात नको, गुळगुळीत असल्यामुळे सरकतो आणि मऊ असल्यामुळे उभा राहत नाही. ब्रेड रीलवर ठेवा आणि पुढे मोनो (साधं एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे पुढचा तुकडा, जोडून त्यावर रिग करा. सोडतानाही धाडकन सोडायचं नाही, स्पूलवर अंगठा ठेवून धीम्या गतीने, म्हणजे शिसं पुढे आणि ड्रॉपर मागे असं सरळ जातं.

शिसं कायम रिगपेक्षा कमी ताकदीच्या तुकड्यावर बांधा. आमच्याकडे उलटं होतं, शिशाची गाठ सगळ्यात पक्की, त्यामुळे खडकात अडकलं की पूर्ण रिग आणि वर लीडरचा तुकडाही तळाला राहायचा. खालचा तुकडा बारीक असेल तर फक्त शिसं जातं, गळ आणि त्याला लागलेला मासा दोन्ही वर येतात.

किती गळ लावावेत यावर माझं मत आता पक्कं झालंय. दोन. बांगड्यासारख्या थव्याने फिरणाऱ्या छोट्या माशांसाठी पाच-सहा बारीक गळांची साबिकी ठीक आहे, ती त्यासाठीच असते, पण तळाच्या मोठ्या माशाला तीन-चार गळ म्हणजे स्वतःहून गुंता विकत घेणं. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांतही आमिषाला दोनच एकेरी गळ चालतात, तीन काट्यांचा गळ आमिषावर चालत नाही, आणि वेगवेगळ्या ड्रॉपरवर दोन गळ असतील तर ते एकमेकांपासून इतके लांब हवेत की एकावर लागलेल्या माशाला दुसरा गळ बाहेरून टोचता कामा नये. काही पाण्यांत किती गळ चालतात याची मर्यादा असते, ती आधी बघून जा.

लांब आमिष लावणार असाल तर एकाच दोरावर मागेपुढे दोन गळ, दोन्ही स्नेल गाठीने (दोर गळाच्या दांडीवर गुंडाळून बांधायची गाठ). आधी खालचा स्नेल करायचा, मग त्याच दोरावर वरचा. अंतर आमिषाच्या लांबीप्रमाणे ठेवा, कमी पडलं तर आमिष वाकतं, वाकलेलं आमिष पाण्यात फिरतं आणि परत पीळ सुरू. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर दोर डोळ्यातून गळाच्या टोकाच्या बाजूने बाहेर आला पाहिजे, उलटा आला तर गळ नीट वळत नाही आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसत नाही. आणि सर्कल हुकवर झटका मारू नका, नुसतं गुंडाळत राहा.

एक गोष्ट फार गांभीर्याने सांगतोय. मासा वर आला की आधी मोकळा गळ सांभाळा. आमच्यातल्या एकाने बोटीत आलेला मासा हातात धरला, माशाने शेपटी मारली आणि वरचा मोकळा गळ त्याच्या तळहातात टोकामागच्या उलट्या काट्यासकट रुतला, दुसऱ्या टोकाला अजून मासा तडफडतोय. पकडीने आधी ड्रॉपर कापला, मग पुढचं सगळं. पकड खिशात पाहिजे, बॅगेच्या तळाशी नाही. मी आता ते उलटे काटे दाबून सपाट करतो, दोर ताणलेला ठेवला तर मासे काही जास्त सुटत नाहीत.

त्या रात्री मान अवघडलेली असतानाही बसून सगळ्या रिग नव्याने बांधल्या. प्रत्येक ड्रॉपर वेगळा तपासला, गळ पक्कडीत धरून आधी वरच्या दोराविरुद्ध ओढ आणि मग खालच्या दोराविरुद्ध, कारण एका बाजूला टिकणारी गाठ दुसऱ्या बाजूला सरकू शकते. ज्या सरकल्या त्या कापल्या, वाईट वाटून घेतलं नाही. शेवटच्या दिवशी खडकांवरून टाकलं आणि काय सांगू, पहिल्या तासातच दोन्ही गळांवर एकदम मासे, दोघं दोन दिशांना, रॉड थरथरतोय, आणि गाठ जागची हलली नाही. दोन्ही तांब वर आले. त्या आनंदात दुपारभर ऊनही लागलं नाही, जेवायचंही सुचलं नाही.

नेताना रिग फोमच्या गोल तुकड्यावर गुंडाळा, गळ फोममध्ये खोचा, प्रत्येक रिग वेगळ्या पिशवीत आणि वर लांबी आणि जाडी लिहून ठेवा. दिवसाला जेवढ्या लागतील वाटतात त्याच्या दुप्पट न्या, म्हणजे बोटीवर बांधायची वेळच येत नाही. परत आल्यावर गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा, उन्हाने तंगूस खराब होतं. पुन्हा वापरायच्या आधी प्रत्येक ड्रॉपरवरून नख फिरवा, जिथे अडेल तिथून कापा. आणि ज्या ड्रॉपरने मोठा मासा घेतलाय तो दिसायला कितीही चांगला असला तरी काढून नवा बांधा, दहा मिनिटांचं काम आहे.