आमची वाटचाल : मेलबर्नची वॉशिंग मशिनं फिजीच्या बाजारात

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतून जुनी वॉशिंग मशिनं घ्यायची, उघडून दुरुस्त करायची, तपासून टॅग लावायचा आणि कंटेनरमध्ये भरून पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशाला पाठवायची, हा आमचा धंदा. लौटोका, बा आणि नांदी या गावांतल्या दुकानांत ती विकली जातात. फिजीत दुकानाच्या दारात ऑस्ट्रेलियातलं मशीन उभं दिसलं, तर ते तिथवर कसं पोचतं आणि ते घेणाऱ्याच्या घरी किती टिकतं, हे आम्हाला रोजच्या कामातून कळतं. त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं, म्हणून आमची सगळी वाटचाल त्याच दिशेने झाली.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. आयटीआय करून सांगलीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम शिकलो. लग्नानंतर मेलबर्नला आलो आणि घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागलो. इथे घरासमोर मोठा कचरा काढून ठेवायची सोय असते, त्याला हार्ड रबिश म्हणतात. सोफा, गादी, सायकल आणि त्यांच्या शेजारी वॉशिंग मशीन. ती मशिनं उघडून बघितली की जीव कळवळायचा. पंपात नाणं अडकलेलं, इनलेट व्हॉल्व्हची जाळी गाळाने बंद झालेली, सस्पेन्शन रॉड ढिले पडलेले. बिघाड एवढाच. पण मेकॅनिकला घरी बोलावण्याचा खर्च इतका, की लोक सरळ नवं आणतात. कामगाराचा वेळ महाग आणि माल स्वस्त, अशा देशात चांगली वस्तू रस्त्यावर येते.

1 जुलै 2019 पासून व्हिक्टोरिया राज्यात प्लग, बॅटरी किंवा वायर असलेली कुठलीही वस्तू कचरा डेपोत पुरायला बंदी आली. त्यानंतर लोक आपणहून फोन करायला लागले. पण आमचं काम त्याआधीच सुरू झालं होतं, तेही एका गिऱ्हाइकामुळे. फिजीतले भारतीय वंशाचे हे गृहस्थ माझ्याकडून दोन मशिनं घेऊन गेले, बा गावातल्या बहिणीला एक आणि तिच्या शेजारणीला एक. काही महिन्यांनी परत आले ते मशिनांची यादी घेऊनच. आमचं बोलणं हिंदीत. त्यांची हिंदी भोजपुरी-अवधी वळणाची, माझी सांगलीची, पण व्यवहार चोख झाला.

फिजीच का, असं सांगलीहून नातेवाईक अजून विचारतात, "आपल्याकडे का पाठवत नाहीस?" भारतात वापरलेल्या वस्तू व्यापारासाठी आणायला परवाना लागतो, आणि भारतात मशिनं बनतात, दुरुस्तीवालेही गल्लोगल्ली आहेत. फिजीची लोकसंख्या साधारण नऊ लाख, तिथे सगळा माल समुद्रावरून येतो. वीज 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आणि प्लगही ऑस्ट्रेलियातलाच, तिरप्या पिनांचा. म्हणजे मशीनमध्ये काही बदलावं लागत नाही, उतरवा आणि लावा. त्याच समुद्रातल्या अमेरिकन सामोआत मात्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, म्हणून तिकडे आमचं एकही मशीन जात नाही.

वीज जुळली तरी पाणी जुळावं लागतं. गावाकडे घरावरच्या टाकीचं पाणी, त्याला जोर कमी. फ्रंट लोडरला पाणी भरायला वेळ लागला की तो एरर दाखवून थांबतो. टॉप लोडर त्यामानाने सोशिक, आणि वजनाला हलका. फ्रंट लोडरमध्ये काँक्रीटचे ठोकळे असतात, त्यामुळे सत्तर किलोच्या आसपास भरतो, मग जिना चढवताना चार माणसं लागतात. टॉप लोडरला गरम आणि गार असे दोन नळ असतात. तिथे बऱ्याच घरांत गरम पाण्याची लाइनच नसते, म्हणून आम्ही प्रत्येक मशीनबरोबर वाय आकाराचा जोड देतो, एकाच नळातून दोन्ही होज भरतात. हा छोटासा जोड दिला नाही, तर गरमचा प्रोग्रॅम लावताच मशीन पाण्याची वाट बघत उभं राहतं आणि लोक म्हणतात, ऑस्ट्रेलियाचा माल खराब.

माझं सगळ्यात आवडतं मशीन म्हणजे फिशर अँड पायकलचं स्मार्टड्राइव्ह. कंपनी न्यूझीलंडची, 2012 पासून हायर या चिनी कंपनीच्या मालकीची, पण ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत तिची मशिनं आहेत. स्मार्टड्राइव्ह 1991 मध्ये आलं. त्यात ना बेल्ट, ना गिअरबॉक्स. खाली तांब्याच्या कॉइल्सचा गोल स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, त्याभोवती चुंबकांची कडी, आणि तीच सरळ शाफ्ट फिरवते. पाणी भरलं की आतली टोपली तरंगून थोडी वर येते, शाफ्टच्या दात्यांपासून सुटते आणि मधला अॅजिटेटर एकटाच कपडे घुसळतो. पाणी निघून गेलं की टोपली खाली बसते, दाते जुळतात आणि टोपलीसकट सगळं गरगर फिरून कपडे पिळले जातात. रिवाइंडिंगच्या बाकावर उमेदवारी केलेल्या माणसाला हे उघडून बघताना केवढा आनंद होतो, काय सांगू! त्याची नाजूक जागा म्हणजे कंट्रोलचं बोर्ड. वीज वरखाली झाली की ते जातं. म्हणून आम्ही बंद पडलेल्या मशिनांतली चांगली बोर्डं, पंप आणि स्टेटर काढून, तपासून, खोक्यात नावानिशी भरून पाठवतो.

फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन चक्रीवादळ आलं. फिजीत 44 माणसं गेली, घरं उडाली. बाहेर ओट्यावर ठेवलेली मशिनं चिखलपाण्यात गेली. त्यानंतर मागणी एकदम वाढली, पण आम्ही पहिल्या खेपेत मशिनांपेक्षा सुटे भाग जास्त पाठवले. कारण लौटोकातल्या आमच्या भागीदारांनी फोनवर सांगितलं, निम्मी मशिनं धुऊन, वाळवून, मोटर बदलून चालू होतील, लोकांकडे नव्याचे पैसे नाहीत. हे भागीदार आधी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल फिटर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. दुकानात त्यांनी गावातली मुलं शिकायला ठेवली आहेत. आमचा धंदा उभा आहे तो मास्तरांच्या हातावर.

लौटोकाचा साखर कारखाना 1903 चा, एका ऑस्ट्रेलियन कंपनीने उभारलेला. आमच्या भागीदारांचे पणजोबा करारावर ऊस तोडायला आले होते, त्याला गिरमिट म्हणतात. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांहून जास्त माणसं अशी नेली गेली. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा गळीत हंगाम चालू होता, आणि मळीचा वास आला तसा मला वाळव्यातच उतरल्यासारखं वाटलं.

आता नियमांचं. 20 फुटी कंटेनरमध्ये दोन थरांत पन्नासच्या आसपास मशिनं बसतात, आणि भाडं पूर्ण कंटेनरचं. त्यामुळे उरलेल्या जागेत काहीही कोंबायचा मोह होतो. एका मोठ्या खरेदीदाराने आम्हाला बंद मशिनंच भरायला सांगितली, तिकडे भंगारात जातील म्हणाला. आम्ही नाही म्हटलं, आणि तो ऑर्डर घेऊन दुसरीकडे गेला. बंद मशीन म्हणजे कचरा. पॅसिफिकच्या बेटांवर घातक कचरा नेऊ नये म्हणून 1995 साली वायगानी करार झाला, तो 2001 पासून लागू आहे, आणि ऑस्ट्रेलिया व फिजी दोघेही त्यात आहेत. 1 जानेवारी 2025 पासून घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या बासेल करारानेही सगळ्या इ-कचऱ्यासाठी आयात करणाऱ्या देशाची आधी संमती घेणं बंधनकारक केलं. पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. बेटावर जागा किती? तिथे टाकलेलं गंजकं मशीन कुणाच्या तरी विहिरीशेजारीच पडणार.

म्हणून प्रत्येक मशीन पाण्यासकट पूर्ण सायकल चालवूनच बाहेर पडतं. अर्थिंग तपासतो, 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघतो, एक मेगाओमच्या खाली आलं तर मशीन परत बाकावर. वापरलेली उपकरणं विकण्याआधीच्या तपासणीचं एएस/एनझेडएस 5761 हे प्रमाण आम्ही भिंतीवर लावलं आहे. शिवाय खालचा तळ घासून माती काढतो, किडे-गोगलगायी जाऊ नयेत म्हणून. हे काम माझी बायको स्वतः बघते, हिशेबाची वहीही तिच्याकडेच. ती नर्स आहे, स्वच्छतेत तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

सध्या वानुआ लेवू बेटावरच्या लांबासा गावात मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने दुकान काढलंय, त्याला पहिला माल जातोय. मेलबर्नमध्ये कुणाकडे जुनं मशीन असेल तर रस्त्यावर काढण्याआधी आम्हाला कळवा. चालू असो वा बंद, दोन्ही चालतील, बंद असलेल्याचे भाग कामी येतात. होज आणि फ्रंट लोडरचे ट्रान्झिट बोल्ट असतील तर तेवढे पिशवीत घालून मशीनलाच बांधून ठेवा. बोल्ट नसतील तर ड्रम बोटीत आपटून बेअरिंग खराब होतं, आणि ते बदलायला मास्तरांचा अख्खा दिवस जातो.