स्टोरी एडिटरमध्ये मराठी वाचता येईपर्यंत

दिवाळी अंकाचं शेवटचं वाचन मी छापील प्रुफावर न करता इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या स्टोरी एडिटरमध्ये करते. मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल आणि वाय दाबलं की चित्रं, चौकटी, स्तंभ सगळं बाजूला राहून नुसता मजकूर समोर येतो. चौकटीत न मावलेला, लाल अधिकचिन्हामागे दडलेला मजकूरही इथे वाचता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

यंदा एका जुन्या लेखकाची कथा पुनर्मुद्रित करायची होती. फाइल बाहेरच्या डीटीपीवाल्याकडून आली. पानावर सुरेख मराठी, आणि स्टोरी एडिटर उघडला की इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता खच. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, फाइल करप्ट झाली असेल, परत पाठवतो." परत आलेली फाइलही तशीच. मग म्हणाले, सॉफ्टवेअर पुन्हा टाका. अंक छपाईला जायच्या तोंडावर असले सल्ले ऐकताना माझा जीव नुसता वरखाली होत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण फाइल अगदी धडधाकट होती.

कथा युनिकोडपूर्व काळातल्या फाँटात टाइप केलेली होती (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना आपापले क्रमांक देणारी आजची पद्धत). त्या फाँटांमध्ये जास्तीत जास्त २५६ खाने, आणि इंग्रजी अक्षरांच्याच खान्यांत काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. पानावर त्याला मराठी फाँट लावलेला असतो म्हणून मराठी दिसतं. स्टोरी एडिटर मात्र पानावरचा फाँट बघतच नाही, सगळा मजकूर स्वतःच्या एकाच फाँटात दाखवतो. माझ्याकडे तिथे इंग्रजी फाँट होता.

उपाय प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे इनडिझाइनच्या सेटिंगच्या खिडकीत आहे. विंडोजवर कंट्रोल आणि के दाबा, डावीकडच्या यादीतून 'स्टोरी एडिटर डिस्प्ले' निवडा आणि फाँटच्या जागी पानावर आहे तोच जुना फाँट द्या. मी दिला आणि आख्खी कथा वाचता येऊ लागली! कुणाच्याही मदतीशिवाय हे सुटलं याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

आता कथेतले इंग्रजी शब्द विचित्र दिसू लागतील, तिकडे लक्ष देऊ नका. ते पानावर ताडून घ्या. आणि दुसरा, युनिकोडमधला लेख उघडण्याआधी फाँट बदला. तिथे मी मुक्ता हा युनिकोड फाँट ठेवते, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. एकाच लेखात जुना आणि युनिकोड मजकूर मिसळलेला असेल तर मात्र कुठलाही फाँट पुरा पडत नाही. जुना भाग कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

त्याच खिडकीत ओळींमधलं अंतर १५० टक्के करा, वेलांट्या आणि उकार मोकळे दिसतात. कर्सर जाड घ्या. टर्मिनल नावाची काळ्या पार्श्वभूमीची थीम मला सोसली नाही, मी कागदासारखी पांढरीच ठेवली. यातल्या कशानेही पानावर किंवा छपाईत काडीचाही फरक पडत नाही, तेव्हा अक्षर बिनधास्त मोठं करा.

सांगायचं राहिलं: जुन्या फाँटातल्या मजकुरात फाइंड करताना युनिकोड मराठीत टाइप केलेला शब्द सापडणार नाही. शब्द एडिटरमधूनच कॉपी करून शोधचौकटीत चिकटवा. आणि डायनॅमिक स्पेलिंग, म्हणजे टाइप करतानाच होणारी शुद्धलेखन तपासणी, बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते. हे डिस्प्ले सेटिंग फाइलबरोबर जात नाही; सहकारी दुसऱ्या संगणकावर वाचणार असेल तर त्याला फाँट पाठवा आणि सेटिंग फोनवर सांगा.