भाडं वाढत गेलं, भत्ता गोठलेला राहिला: लंडनमधलं घर टिकवतानाचा माझा अनुभव

नोकरी गेली हे आपली माणसं एक वेळ सांगतात, पण घरभाड्यासाठी सरकारी मदत घेतो हे कुणी तोंडातून काढत नाही. आम्ही २०२२ पासून घेतोय. नवरा हीथ्रोजवळच्या गोदामात पूर्णवेळ कामाला होता. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याचे तास निम्म्यावर आले. मी शाळेत अर्धवेळ सहाय्यक आहे. पदरात दोन मुलं, वायव्य लंडनमधलं दोन बेडरूमचं भाड्याचं घर, आणि २०१८ पासून तोच घरमालक. या सगळ्यातून जाताना मला मराठीत एकही ओळ वाचायला मिळाली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. आम्ही दोघं ब्रिटिश नागरिक आहोत. ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट आहे, त्यांनी सल्ला घेतल्याशिवाय यातला कुठलाही अर्ज करू नये. व्हिसाच अडचणीत येतो.

घरभाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी मदतीतून मिळते. तिच्या अर्जात तुमची बचत आणि मालमत्ता विचारतात, आणि त्यात भारतातलीही धरतात. १६,००० पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही, ६,००० च्या आत असेल तर ती मोजत नाहीत, मधल्या रकमेसाठी थोडी थोडी कपात होते. पुण्यात गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट यात येतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. सातारा जिल्ह्यात सासऱ्यांच्या जमिनीत नवऱ्याचा चार भावंडांमधला हिस्सा आहे. दिराकडून सातबारा मागवला, इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि आपणहून दाखवला. हिश्श्याची किंमत मर्यादेच्या बरीच आत निघाली. कागद आधीच दिल्यामुळे पुढे कधी त्यावरून प्रश्न आला नाही.

आता मूळ मुद्दा. खासगी घरमालकाकडे राहत असाल तर तुमचं भाडं किती आहे यावर मदत ठरत नाही. तुमच्या भागासाठी ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’ (स्थानिक घरभाडे भत्ता) नावाचा कमाल दर असतो, त्याच्यावर एक पेनीही मिळत नाही. पूर्वी हा दर भागातल्या भाड्यांच्या मध्यावर ठरायचा, म्हणजे निम्मी घरं त्यात बसायची. एप्रिल २०११ पासून तो तिसाव्या टक्क्यावर आणला, म्हणजे स्वस्तातली फक्त तीस टक्के घरं. वर देशभरासाठी कमाल मर्यादा घातली, दोन बेडरूमना आठवड्याला २९० पौंड. मग काही वर्षं जेमतेम वाढ, २०१६ ते २०२० पूर्ण गोठवण. एप्रिल २०२० मध्ये दर पुन्हा तिसाव्या टक्क्यावर आणले आणि लगेच परत गोठवले. त्यामुळे २०२३ मध्ये आम्हाला जो दर लागू होता, तो सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या भाड्यांवरून काढलेला होता. मधल्या काळात लंडनमधली भाडी कुठे गेली, ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा.

ही कपात आणताना सरकारचं म्हणणं असं होतं की मदत कमी झाली की घरमालक भाडी उतरवतील. सरकारनेच २०११ च्या बदलांचा अभ्यास करून घेतला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की कपातीचा जवळजवळ नऊ दशांश भार भाडेकरूंवर पडला, घरमालकांवर जेमतेम एक दशांश. मी हे नंतर वाचलं, पण तोवर आमच्या घरात ते घडून गेलं होतं. तो नऊ दशांश म्हणजे मुलीचा पोहण्याचा क्लास बंद, हिवाळ्यात संध्याकाळी एकाच खोलीत हीटर, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोज डाळ-भात.

२०२३ च्या वसंतात एजंटाकडून भाडेवाढीची नोटीस आली. १,४०० पौंडांचं भाडं १,६५० होणार होतं. आधीच्या भाड्यातही दर महिन्याला शंभरेक पौंड पदरचे घालत होतोच, आता तूट साडेतीनशेवर जाणार होती. मी आमच्या भागाच्या दराचा कागद छापून घेतला आणि एजंटाला वगळून थेट घरमालकाला भेटले. माणूस वाईट नव्हता. त्याने मला त्याच्या बँकेचं पत्र दाखवलं. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ०.१ टक्के होता, तो आता चारच्या वर गेला होता, ऑगस्टपर्यंत सव्वापाच झाला. त्याचा हप्ता जवळपास दुप्पट झाला होता. शिवाय हेच घर बघायला रांग लागली असती, तीही पूर्ण पगार असणाऱ्यांची. अशा वेळी माझ्या हातातला सरकारी दराचा कागद पाहून तो भाडं का उतरवेल? सरकारच्या हिशेबात हीच गोष्ट धरलेली नव्हती. घरं कमी, घेणारे जास्त. मदत घेणारा भाडेकरू घासाघीस करायच्या जागी नसतोच.

भाडेवाढ जास्त वाटली तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे भाड्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, वाढ लागू व्हायच्या आत. पण बाजारात तेवढंच भाडं चाललं होतं, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार ट्रायब्युनल मागितल्यापेक्षा जास्तही ठरवू शकत होतं. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

दुसरं घर शोधलं. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत झूप्ला या घरं शोधायच्या संकेतस्थळावर आलेल्या भाड्याच्या घरांपैकी फक्त ५ टक्के घरं भत्त्याच्या दरात बसत होती, हा इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेचा आकडा आहे. त्याच्या तीन वर्षं आधी हेच प्रमाण २३ टक्के होतं. युनिव्हर्सल क्रेडिटचं नाव काढलं की फोनवरचा आवाज बदलायचा. ‘बेनिफिटवाले नकोत’ असा सरसकट नियम बेकायदेशीर असल्याचा निकाल यॉर्कच्या न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला आहे. तसं आता कुणी बोलत नाही, घर नुकतंच गेलं असं सांगतात.

मग काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या ‘डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट’साठी अर्ज केला. भत्ता आणि भाडं यांतली तूट काही काळापुरती भरून काढायला काउन्सिलला हा निधी मिळायचा. मिळेलच असा हक्क नव्हता, त्यांच्या मर्जीवर असायचं. आणि निधीही आटत गेलेला: इंग्लंड आणि वेल्स मिळून २०२०-२१ मध्ये १८ कोटी पौंड, पुढच्या वर्षी १४ कोटी, २०२२-२३ पासून १० कोटी. दर गोठवलेले, आणि त्यातून पडणारी भोकं बुजवायचे पैसेही कमी.

फॉर्ममध्ये महिन्याच्या खर्चाचा एकेक रकाना भरायचा होता. किराणा, वीज, बसभाडं, मोबाइल, कपडे, केस कापणं. सोबत दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट. काही दिवसांनी ऑफिसर बाईंचा फोन आला. स्टेटमेंटमधल्या एका ओळीवर त्यांचं बोट होतं: दर महिन्याला पन्नास पौंड भारतात जातात, ते कशासाठी? सासूबाईंच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यातून येतात. भाडं भरायला पैसे नाहीत आणि परदेशात पैसे पाठवता, असं त्यांनी म्हटलं नाही, पण प्रश्नाचा रोख तोच होता. मला फार लागलं. दिराला सांगून साताऱ्यातल्या औषधाच्या दुकानाची बिलं मागवली, प्रत्येक बिलावर औषध कशाचं ते इंग्रजीत लिहिलं आणि सोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडलं. ती रक्कम आवश्यक खर्च म्हणून मान्य झाली. तुमच्याही घरून आईवडिलांना पैसे जात असतील तर लपवू नका. कारण लिहा आणि पुरावा जोडा. महिन्याला दोनशे पौंड मंजूर झाले, सहा महिन्यांसाठी.

सप्टेंबरमध्ये घर सोडण्याची नोटीस आली. ‘सेक्शन २१’. दोन महिन्यांची मुदत, कारण द्यावं लागत नव्हतं. भाडं एकदाही थकलेलं नव्हतं. आमच्या शेजारच्या इमारतीतलं तसंच घर १,९०० ला गेलं होतं, तेवढंच.

इथे एका काकूंचे उपकार. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीनंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, ‘अगं, चेहरा का असा?’ सांगितलं. आयुष्यभर गृहनिर्माण खात्यात काम केलेल्या बाई. म्हणाल्या, ‘नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. घर सोडायचं नाही. आधी डिपॉझिट कुठे ठेवलंय ते बघ.’ घरमालकाने डिपॉझिट तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करून तशी माहिती द्यावी लागते. अशा तीन योजना आहेत, तिन्हींच्या संकेतस्थळावर शोधता येतं. आमचं डिपॉझिट एकातही सापडलं नाही. ऑगस्ट २०२३ पासून घर जाण्याची लेखी नोटीस आलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, फुकट कायदेशीर सल्ला मिळायला लागला होता. वकिलांनी कागद पाहिले आणि सांगितलं, डिपॉझिट परत करेपर्यंत ही नोटीस चालत नाही. शिवाय तुम्ही डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत भरपाई मागू शकता.

त्याच सुमारास काउन्सिलच्या बेघर विभागातही जाऊन आले. ५६ दिवसांत घर जायची वेळ असेल तर त्यांना मदत करावीच लागते, २०१८ पासून तसा कायदा आहे. त्यांनी तोंडी दोन गोष्टी सांगितल्या: बेलिफ (घर रिकामं करायला येणारा कोर्टाचा माणूस) येईपर्यंत घर सोडू नका, आधी सोडलंत तर स्वतःहून बेघर झालात असं धरलं जाऊ शकतं; आणि मिडलंड्समध्ये जायची तयारी आहे का? तिथे भाडी भत्त्यात बसतात. माझी शाळा, मुलीची शाळा, नवऱ्याची फिजिओथेरपी, सगळं इथे. मी नाही म्हटलं आणि त्यांच्याकडून ते लेखी नोंदवून घेतलं.

घरमालकाला वकिलांचं पत्र गेलं. आम्ही भरपाईचा दावा लावला नाही. आम्हाला घर हवं होतं, आणि ते त्याला स्पष्ट सांगितलं. २२ नोव्हेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी एप्रिल २०२४ पासून दर पुन्हा तिसाव्या टक्क्यावर आणण्याची घोषणा केली, तो कागदही मी त्याच्यापुढे ठेवला. १,५५० वर तडजोड झाली. डिपॉझिट योजनेत गेलं. काउन्सिलची मदत अर्ज करून एप्रिलपर्यंत वाढवून घेतली. एप्रिलमध्ये नवे दर आले आणि तूट पन्नासच्या आसपास आली. त्या उन्हाळ्यात मुलीचा पोहण्याचा क्लास पुन्हा लावला.

पण एप्रिल २०२५ मध्ये दर पुन्हा गोठवले. घरमालकाने भाडं १,६५० केलं, तूट दीडशे. १ मे २०२६ ही सेक्शन २१ रद्द होण्याची तारीख, आणि तेव्हापासून ट्रायब्युनललाही मागितल्यापेक्षा जास्त भाडं ठरवायची मुभा नाही, हे फार चांगलं झालं. तरी दर हलत नाहीत तोवर भाडेवाढीची साधी नोटीसही घर रिकामं करू शकते.

आमच्या बाबतीत एक दरवाजा उघडतोय, तो इतरांनाही कळावा. दहा वर्षांखालची दोन मुलं एका खोलीत धरतात, मग मुलगा असो की मुलगी. मोठं मूल दहाचं झालं आणि धाकटं मुलगा-मुलगी म्हणून वेगळं असेल, तर दोघांना स्वतंत्र खोली धरतात. दर कुटुंबाच्या गरजेवर ठरतो, तुम्ही प्रत्यक्षात किती खोल्यांत राहता यावर नाही. मुलगी येत्या नोव्हेंबरात दहाची होईल. आम्ही याच दोन बेडरूममध्ये राहिलो तरी तीन बेडरूमचा दर लागेल आणि आजचं भाडं त्यात पूर्ण बसेल. हा बदल आपोआप होईल असं धरून चालू नका. त्या दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये मी स्वतः नोंद टाकणार आहे, आणि पुढच्या हप्त्यात फरक दिसला नाही तर लेखी फेरविचार मागणार आहे.